बायकांच्या राज्यात इंजिनिअर

"अगं, चूल त्याच्या हवाली कर आणि पायात जोडे घाल. आज आपलं राज्य."

झुंबुलियाआजीचा हा आवाज अन्थूलाने पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती इतकी लहान होती, की राज्य म्हणजे काहीतरी खायची गोष्ट असावी असं तिला वाटलं होतं. आजी बर्फात उभी राहून घरोघरच्या दारांवर काठी आपटत होती, आणि दारं उघडत होती, आणि प्रत्येक दारातून एक आई बाहेर पडत होती, जशी ढाबळीतून कबुतरं पडतात. आजी गावची सुईण. थ्रेस प्रांतातून अख्खं गाव निर्वासित होऊन इकडे आलं तेव्हा लोकांनी गाड्यांवर देवाच्या तसबिरी लादल्या, घंटा लादली, द्राक्षाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. आजीने हा सण आणला. त्याला गाडी लागत नव्हती.

आठ जानेवारी, सुइणीचा दिवस. सूर्य वर आल्यापासून मावळेपर्यंत त्रिव्रिसी गाव बायकांचं. अध्यक्षाने गावाचा शिक्का आणि कचेरीची किल्ली सकाळी बायकांच्या हातात द्यायची. पुरुषांनी घरात बसायचं, चूल सांभाळायची, पोरं आणि कोंबड्या राखायच्या. रस्त्यावर पुरुष दिसला तर त्याच्या डोक्यावर बादली. थंडी कितीही असो.

आजी गेली. सुईणपण अन्थूलाच्या सासूकडे, सुल्तानाकडे आलं. आणि या वर्षी बायकांनी एका दिवसाची अध्यक्ष म्हणून अन्थूलाला निवडलं.

खरा अध्यक्ष स्वयंपाकघरात कांद्याच्या पातीसमोर उभा होता. तिचा नवरा, स्त्रातिस. कमरेला फडकं बांधलेलं, मिशा ओल्या, आणि चेहरा असा की कोणीतरी त्याला त्याच्याच लग्नात वाढपी म्हणून उभं केलं आहे.

"शिक्का दे," अन्थूला म्हणाली.

"देतो गं. पण ऐक ना. आज तो येतोय."

"कोण?"

"इंजिनिअर. जिल्ह्याहून. फोकास म्हणून आहे."

अन्थूलाने स्कार्फची गाठ मारता मारता हात थांबवला. "आज?"

"मीच बोलावलाय."

सुल्तानाने चुलीजवळून मान वळवली. तिच्या डोळ्यांवर पडदे आले होते, पण कान तिखट होते. "आजच्या दिवशी बोलावलास? तू?"

स्त्रातिसने पात अशी चिरली, जणू तिचाच गुन्हा होता. त्याने दिवस मोजले होते. सहा तारखेला पाण्याचा सण, क्रूस नदीत टाकायचा. सात तारखेला संत यान्निसचा दिवस, गावात निम्म्या पुरुषांचं नाव यान्निस, म्हणजे रात्रभर पिणं आणि सगळ्यांची डोकी जड. आठ तारीख त्याला कोरी दिसली. पुरुषांच्या डोक्यातल्या पंचांगात आठ तारखेच्या जागी फक्त भांडी असतात, आणि भांड्यांवर कोण लक्ष ठेवतं.

"तो खुंट्या ठोकणार," तो म्हणाला. "यंदा गावाला एकच काम मिळतंय. गावाचं म्हणणं ऐकणार, जागेवर खुंट्या ठोकणार, की झालं. तू त्याला फक्त चौकात ने. झाडाजवळ. मनोरा तिथे."

"घड्याळाचा मनोरा."

"पंचायतीत ठरलंय."

"पंचायतीत बाई नाही एकपण."

"म्हणून काय झालं, ठरलंय ना?"

अन्थूलाला पूल हवा होता. ओढा गावाच्या आणि मोठ्या रस्त्याच्या मधून वाहत होता. वसंतात बर्फ वितळलं की ओढा लाल होऊन उठायचा, आणि डॉक्टर पलीकडे, गाव अलीकडे राहायचं. दरवर्षी एखादी बाई त्या काठावर अडायची. बावीस वर्षांपूर्वी अन्थूला अडली होती. बैलगाडीत, पहिल्या वेळी. शुद्ध गेली, आणि परत आली तेव्हा गाडी घरच्या अंगणात होती आणि नवरा म्हणाला, मेलेलंच जन्मलं. मुलगी होती, एवढंच. पुढे मुलगा झाला, तो आता लष्करात. पण पुलाचं नाव काढलं की स्त्रातिस उठून खिडकी लावून घ्यायचा. उन्हाळ्यात सुद्धा.

"शिक्का," ती पुन्हा म्हणाली.

त्याने गळ्यातली दोरी काढून दिली. गावासमोर गेल्याच वर्षी त्याने भाषण ठोकलं होतं, की आमच्या त्रिव्रिसीत आठ तारखेला बाईचा शब्द म्हणजे कायदा, जिल्ह्यात असं गाव दुसरं नाही. टाळ्या पडल्या होत्या. टाळ्या माणसाला फार महाग पडतात.

"सूर्य मावळला की परत," तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. "पात जाड चिरतोयस."

*

बाहेर गाइदा वाजत होता. चामड्याच्या पिशवीत कोंडलेला वारा कुरकुरत बाहेर पडत होता आणि बायका गात होत्या:

कोंबडा बसला अंड्यांवरी गं, कोंबडी निघाली बाजारा,
धनी माझा फुंकी चूल गं, धूर निघाला शेजारा.
धूर पुसतो वाऱ्याला गं, घरची मालकीण गेली कुठं?
शिक्का घालून गळ्यामध्ये, गाव राखाया गेली तिथं.

सुल्तानाला गाडीत बसवलं होतं. गळ्यात लसणाच्या आणि लाल मिरच्यांच्या माळा, मांडीवर सुक्या अंजिरांची परडी. प्रत्येक बाई येऊन तिच्या हातावर पाणी घालायची, साबण द्यायची, आणि ती प्रत्येकीच्या कपाळाला ओला हात लावायची. खिडक्या-खिडक्यांतून पुरुष डोकावत होते. कॉफीच्या दुकानाचा मालक स्वतःच्याच पोराची लंगोट हातात धरून विचारत होता, याची पुढची बाजू कोणती. त्याला कोणी उत्तर देत नव्हतं. राज्यकर्त्यांना कामं असतात.

जीप आली ती थेट बायकांत. फोकास इंजिनिअर खाली उतरले, टोपी काढली, "सुप्रभात" म्हणायला तोंड उघडलं, आणि तीन बादल्या एकदम त्यांच्यावर रिकाम्या झाल्या.

पाणी त्यांच्या नाकावरून ठिबकत होतं आणि मिशांवर गोठत होतं.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "मी जिल्हा कचेरीचा माणूस आहे."

"म्हणूनच तीन," एव्दोकिया म्हणाली. "साध्या माणसाला एक."

एव्दोकिया स्त्रातिसची बहीण. रुंद, गोरी, आणि बोलायला लागली की चर्चची घंटा सुद्धा थांबून ऐकेल अशी. तिनेच त्यांना घरात नेलं, चुलीसमोर बसवलं, पँट चुलीवरच्या दोरीवर वाळत घातली, आणि तिचा जाड लोकरीचा घागरा त्यांच्या कमरेला बांधला. एव्दोकियाचा नवरा कोपऱ्यात वाटाणे सोलत होता. तो इंजिनिअरकडे बघून सहानुभूतीने मान हलवत राहिला. त्सिपुरोचे, घरच्या कडक दारूचे, पेले आले. दुसऱ्या पेल्यानंतर फोकास यांच्या ओठांचा निळा रंग उतरला.

"मला गावच्या अध्यक्षांना भेटायचं आहे," ते म्हणाले.

"मीच," अन्थूला म्हणाली.

त्यांनी तिच्या गळ्यातल्या दोरीकडे पाहिलं. "शिक्का तुमचा?"

"आजचा."

फोकास थकलेले गृहस्थ होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ गावं बघितली होती. एका गावात बोकडाला साक्षीला आणलेलं बघितलं होतं. "माझ्या लेखी शिक्का ज्याच्या गळ्यात, गाव त्याचं," ते म्हणाले. "उद्या मी इथे नाही. काय ते आजच सांगा. मनोरा की पूल?"

"मनोरा," एव्दोकिया म्हणाली.

"पूल," अन्थूला म्हणाली.

दोघी नणंद-भावजयींनी एकमेकींकडे पाहिलं. वर्षानुवर्षं एका भट्टीत पाव भाजलेल्या बायका. इतक्या वर्षांत दोघींचं भांडण फक्त मिठावरून झालं होतं.

"तू पण?" अन्थूला म्हणाली. "भावाची बाजू घेतेस?"

"भाऊ गेला खड्ड्यात. घड्याळ मला हवंय." एव्दोकियाने कोपऱ्याकडे बोट केलं. "हा कॉफी प्यायला जातो. 'आलोच' म्हणतो. आलोच म्हणजे कधी, हे मी कोणाला विचारू? सूर्याला? सूर्य पण त्यांच्याच बाजूचा. मनोऱ्यावर घड्याळ असलं की मी चौकात उभी राहून म्हणेन, बघ, किती वाजले. गावच्या निम्म्या बायका माझ्या बाजूने आहेत, वहिनी. विचार हवं तर."

वाटाणे सोलणारा हात थांबला आणि मग जास्त वेगाने चालू लागला.

"आणि बाळंतिणी?" अन्थूलाने विचारलं.

"बाळंतिणीला पूल एकदा लागतो. नवरा रोज उशिरा येतो."

ते खोटंही नव्हतं. आजपर्यंत तिला वाटायचं, बायकांच्या हाती शिक्का आला की सगळ्या बायका एका बाजूला उभ्या राहतील, कालव्याच्या पाण्यासारख्या. आता कळलं, की राज्य करायचं म्हणजे आधी आपल्याच माणसांशी भांडायचं.

"मग मत घ्या," फोकास पेला पुढे करत म्हणाले. "पण लवकर. आणि माझी पँट."

*

मतं ओढ्याकाठीच घ्यायची ठरली. पद्धत सुल्तानाने घालून दिली. बायकांना मताचा हक्क मिळून बारा वर्षं झाली होती, पण या गावात मतपत्रिकेचं पाकीट नवरेच घरून चिकटवून द्यायचे, त्यामुळे कागदाचं नाव काढल्याबरोबर बायकांनी नाकं मुरडली. "कागद नको," सुल्ताना गाडीतून म्हणाली. "पायांनी मत द्या. पूल हवा तिने पाण्याकडे उभं राहायचं, मनोरा हवा तिने वाटेकडे. आणि त्याआधी सांगायचं, आपण कुठे बाळंत झालो ते. म्हणजे मत देणारी बाई आहे की बाहुली, ते कळेल."

एकेक बाई पुढे येऊ लागली. मी घरी, बटाट्याच्या पोत्यांवर. मी शेतात, आणि संध्याकाळी भाकऱ्या पण केल्या. मी सरकारी इस्पितळात, नर्सनी चापट मारली, मला, पोराला नाही. बायका हसत होत्या, आणि हसता हसता कोणाची मान खाली जात होती. इंजिनिअर घागऱ्यात उभे राहून खुंट्यांचा गठ्ठा छातीशी धरून ऐकत होते. मास्तरीणबाई वाटेकडे गेल्या. पाद्रीबाबांची बायको खूप वेळ मध्येच उभी राहिली, आणि मग पाण्याकडे गेली. शेवटी दोन्ही रांगा अगदी सारख्या भरल्या. सुल्ताना मत देणार नव्हती, ती पंच होती.

"आता?" फोकास म्हणाले.

तेवढ्यात गिरणीच्या बाजूने एक म्हातारी आली. काळा झगा, काळा स्कार्फ भुवयांपर्यंत ओढलेला, तोंडावर पदर, चाल उंटासारखी. झगा सुल्तानाने गेल्या ईस्टरला चर्चमध्ये घातला होता तोच. घोट्याखाली पंचायतीच्या अध्यक्षाचे बूट.

बायकांनी पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. एकीच्या घशातून काहीतरी निसटलं आणि तिने ते खोकला म्हणून निभावून नेलं. एका शब्दाची गरज होती, आणि बादल्या भरलेल्याच होत्या.

"या मावशी," अन्थूला म्हणाली. "उशीर केलात."

म्हातारी तिच्याजवळ आली आणि पदराआडून दबक्या आवाजात बोलली, "अन्थूला, गप बस. मी वाटेकडे उभा राहतो. राहते. आणि संपव हे."

"गावची आहेस ना मावशी?"

"सूर्य मावळला की शिक्का माझ्याकडे येणार. तू आज खुंट्या ठोकल्यास तरी मी उपटणार. कशाला तमाशा?"

अन्थूलाने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, सासूलाही नाही, आणि आज सांगायचं ठरवलंही नव्हतं. पण त्या काळ्या स्कार्फात गुंडाळलेल्या मिशांकडे बघून तिला एकदम सोपं वाटलं. "उपट," ती हळूच म्हणाली. "जुलैत निवडणूक आहे. मी उभी राहणार आहे. तुझ्याविरुद्ध. मग मी पुन्हा ठोकेन."

म्हातारीचा पदर सुटला, पकडला गेला.

"आजी," फोकास आदराने म्हणाले, "तुमचं मत राहिलंय. कुठली बाजू?"

"वाटेकडची," म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, आणि वाटेकडे निघाली.

"थांब गं," गाडीतून सुल्ताना म्हणाली. तिचे पडदे आलेले डोळे बरोबर त्या आवाजाच्या जागी वळले. "पद्धत आहे. बाळंत कुठे झालीस?"

म्हातारी उभी राहिली.

ओढा बर्फाच्या पापुद्र्याखाली बोलत होता. गाइदा वाजवणाऱ्या बाईने पिशवी काखेत दाबून धरली होती, आणि पिशवी आपोआप एकच सूर हुंदक्यासारखा सोडत होती.

"मला मूल नाही," म्हातारी म्हणाली.

"खोटं," सुल्ताना म्हणाली. "विचार करून बोल. मी सुईण आहे."

"आई, पुरे."

एकही बाई हसली नाही. म्हातारीने कोणाला आई म्हटलं, हे इंजिनिअर सोडून सगळ्यांना कळलं.

"मी त्या दिवशी पलीकडच्या काठावर होते," सुल्ताना म्हणाली. आवाज चढा नव्हता, अंजिरं निवडताना बोलावं तसा होता. "खालच्या वाडीवर एकीची सुटका करून परत येत होते. मध्ये पाणी. ओरडले तर ऐकू जाईना. माझे डोळे तेव्हा चांगले होते. गाडीजवळ तू उभा होतास, आणि तू काहीतरी हातांत घेऊन वर उचललंस. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाद्री नसला, पाणी नसलं, आणि जीव जात असला, की पोराला हवेत उचलून बाप्तिस्मा देतात. मेलेल्याला कोणी देत नाही. इतकी वर्षं वाट बघितली, तू बोलशील. म्हटलं, माझ्या लेकाच्या तोंडून मी का काढून घेऊ."

अन्थूलाचा हात शिक्क्यावर होता. शिक्का गार होता, तो तिला आता भाजल्यासारखा वाटला.

म्हातारीने स्कार्फ डोक्यावरून काढला. मिशा, टक्कल, आणि गालांवर लोकरीचे वळ. एव्दोकियाच्या हातातली बादली वर गेली, सवयीने, आणि तिने ती पाणी न सांडता खाली ठेवली.

"इथे," स्त्रातिस म्हणाला. झग्यातच तो काठाकडे चालत गेला, जिथे गेली बावीस वर्षं तो चालत गेला नव्हता, आणि बूट बर्फात रोवून उभा राहिला. "गाडी इथे थांबली होती. बैल पाण्यात उतरेनात."

"हे मत धरायचं का?" फोकास यांनी हळूच विचारलं. त्यांनाही आता मिशा दिसल्या होत्या.

"पुरुषाचं मत आज चालत नाही," सुल्ताना म्हणाली. "रांगा होत्या तशाच आहेत."

मग एव्दोकिया निघाली. घागरा दोन्ही हातांनी उचलून वाट ओलांडून पाण्याकडे आली, आणि भावाच्या शेजारी उभी राहिली. "घड्याळ पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "पण घड्याळ हवंच. सांगून ठेवते." तिच्या मागून आणखी दोघी आल्या. मग मास्तरीणबाई.

फोकास यांनी गुडघे टेकले, उसना घागरा बर्फात पसरला, आणि पहिली खुंटी ठोकली. हातोड्याचा आवाज पलीकडच्या टेकडीवर जाऊन परत आला. गावातल्या खिडक्यांतून पुरुष विचारू लागले, काय झालं, काय झालं, आणि त्यांना कोणी काही सांगितलं नाही.

अन्थूला नवऱ्याजवळ गेली. सासूचा काळा झगा त्याच्या खांद्यांवर ताणला होता, एका शिवणीत उसवला होता. तिने ती शिवण दोन बोटांनी धरली, जणू ती सोडली तर तो सगळाच उसवेल.

"रडली होती?" तिने विचारलं.

त्याने मान डोलावली.

"खूप?"

"थोडा वेळ. तू शुद्धीत नव्हतीस."

"बाप्तिस्मा दिलास म्हणजे नाव ठेवलं असशील."

स्त्रातिसने गाडीकडे, मिरच्यांच्या माळांत बसलेल्या आईकडे पाहिलं, आणि मग बर्फाखालच्या पाण्याकडे.

"पहिल्या मुलीला माझ्या आईचं नाव ठेवायची रीत," तो म्हणाला. "मी ते उच्चारणार होतो. तोंड उघडलं पण होतं. पण ती अशी रडली अन्थूला, इतकी मोठ्याने, अख्ख्या गावाला कामाला लावणारी. तुझ्या आईसारखी. म्हणून तिचंच नाव आलं तोंडात. मग वाटलं, माझ्या आईला कळलं तर ती दुखावेल, आणि तुला सांगितलं तर तू दोनदा रडशील. आणि मग सांगायचं राहूनच गेलं, आणि जितकं राहिलं तितकं जड झालं." त्याने झग्याच्या बाहीने नाक पुसलं. "मेल्पो. मेल्पो नाव होतं तिचं."